विहीणबाई, कैद्यांच्या गादीचा वाद राहिलाच

विहीणबाई,

तुमचा एक बरा फोटो मिळेना. निखिलने कपाट उपसलं, मोबाइल उपसला, शेवटी लग्नाचा अल्बम काढला. प्रत्येक फोटोत तुम्ही टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून सावधान उभ्या. एका फोटोत तर नवरा-नवरीच्या मधे अशा उभ्या आहात, की दोघांना ताब्यात घेऊन कोर्टात हजर करायला निघाला आहात असं वाटावं. तुमच्या मुलाला तोच फोटो भारदस्त वाटत होता. मी नाही म्हटलं. शेवटी तो लावला, ज्यात तान्ह्या रेवाने तुमचा चष्मा ओढला आहे आणि तुमचं तोंड 'अगं, अगं' म्हणताना उघडं राहिलं आहे. माणसं हार घालायला पुढे होतात, आधी हसतात आणि मग रडतात. तुम्हाला हा क्रम मुळीच पसंत पडला नसता. पण तुम्ही तक्रार करायला नाही, म्हणून मी माझंच चालवलं.

हे मी मेलबर्नच्या आपल्या दोन नातवंडांसाठी लिहायला घेतलं होतं. त्यांच्या दोन आज्यांपैकी एक आता व्हिडिओ कॉलवर दिसणार नाही, निदान ती वाचायला तरी मिळावी, म्हणून. पण 'तुमची विमलआजी' असं वाक्य सुरू केलं की तुम्ही मधेच बोलता आणि माझं वाक्य मोडतं. तेव्हा म्हटलं, तुमच्याशीच बोलते. ओजस आणि रेवाने ऐकावं. माझी अदिती त्यांना वाचून दाखवणार आहे, म्हणून तुमच्या तोंडचे काही शब्द गाळावे लागत आहेत. त्यामुळे तुमचं बोलणं थोडं फिकं वाटेल, त्याला माझा इलाज नाही.

मुलांना माहीत नसेल म्हणून सांगते. तुम्ही आयुष्यभर तुरुंगात नोकरी केलीत, बायकांच्या बराकीवर शिपाई म्हणून. मी आयुष्यभर अंबरनाथला शाळेत इंग्रजी शिकवलं. दोघींना वाटायचं की शिस्त म्हणजे काय ते आपल्यालाच कळतं. तुमच्या मुलाने आणि माझ्या मुलीने परस्पर जमवलं नसतं, तर आपली गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं.

लग्नाच्या बोलणीला तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. मी मुद्दे काढून ठेवले होते. लग्न कुठे, माणसं किती, मानपान नको. तुम्ही आलात, पाण्याचा पेला तसाच ठेवलात, सरळ खिडकीपाशी गेलात आणि गज धरून हलवलेत.

"मॅडम, हे गज पोकळ हायत."

मी म्हटलं, "पडद्याआड असतात ते."

"पडद्यानं काय होतंय? मनात आणलं तर एका बाईला दोन रात्रींत निघतील."

आमचे हे तेव्हा होते. त्यांनी हसून विचारलं, "आमच्या घरातून कोण पळून जाणार आहे हो?"

तुम्ही माझ्या मुलीकडे हनुवटीने खूण केलीत. "ही काय, निघालीच की."

सगळे हसले. मी हसले नाही. माझ्या मुद्द्यांच्या क्रमात गज कुठेच बसत नव्हते.

पुढे तुमचे यजमान गेले, मग आमचे हे गेले, आणि मुलं मेलबर्नला गेली. जाताना त्यांनी दोन्ही आयांना बदलापुरात मांजर्लीला एकाच इमारतीत आणून ठेवलं. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. एकीने दुसरीकडे लक्ष द्यावं असा त्यांचा हेतू होता. तुम्ही तो फार मनावर घेतलात. रोज संध्याकाळी एक जिना चढून यायचात आणि मी आतून लावलेलं दार बाहेरून ओढून बघायचात. बेल नाही, हाक नाही. नुसता खडाड् आवाज. मी आत दचकायचे. किती वेळा सांगितलं, "विहीणबाई, बेल वाजवा." तुम्ही म्हणायचात, "बेल मारून कोण चेक करतं?"

नदीचं पाणी इमारतीत शिरलं त्या वर्षी तळमजल्यावरची सगळी कुटुंबं वर आली. तुम्ही त्यांना जिन्यात जोडीजोडीने बसवलंत. खाली बसवून जोड्या मोजणं ही तुमच्या खात्याची रीत. आकडा जुळल्याशिवाय खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण काढू दिलं नाहीत. एक माणूस कमी भरत होता. लहान मुलं भुकेने रडायला लागली, बायका कुरकुरायला लागल्या, तरी तुम्ही पातेल्यावर हात ठेवून उभ्या. शेवटी आपले सेक्रेटरी पाटणकर कुणाच्या तरी संडासातून बाहेर आले, सगळ्यांच्या नजरा बघून घाबरले, आणि तुम्ही त्यांना दंडाला धरून जोडीत बसवलंत. "टोटल बरोबर," असं ओरडलात आणि मग वाढलंत. पाटणकर त्या दिवसापासून तुम्हाला जरा बिचकून होते.

पाटणकरांनीच आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात तो विषय ठेवला. वयस्कर कैद्यांना गादी आणि उशी वापरू द्यायची, अशी बातमी पेपरात आली होती. पाटणकरांनी फळ्यावर लिहिलं, 'कैद्यांना गादी: गरज की लाड?' हॉलमध्ये जमलेल्यांपैकी एकाचीही पाठ सरळ नव्हती. तरी लाड म्हणणारे जास्त होते आणि त्यांच्या वतीने मी बोलणार होते.

मी बोलले ते आजही मला पटतं. मुद्दा क्रमांक एक, शिक्षा टोचली नाही तर ती शिक्षा कसली? मुद्दा क्रमांक दोन, ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांना या हॉलमध्ये कुणी बोलावलं आहे का? कैद्याच्या पाठीची चौकशी आपण सगळे करतो. जो गेला त्याचं नावही कुणी घेत नाही. टाळ्या पडल्या. नाही म्हणू नका, तुम्हीही वाजवल्यात.

मग तुम्ही उठलात. हातात कागद नाही, काही नाही.

"मी इतकी वर्षं आतच होते. संध्याकाळी घरी सोडायचे, येवढाच फरक. तिथं बायका कशा झोपतात म्हाईत हाय? कुशीवर. उताणं झोपायला जागाच नसते. एक वळली की सगळ्या लायनीनं वळायला लागतं. आता साठीची म्हातारी फरशीवर किती वेळा वळणार? कोर्टानं लिवलं, आत राहा. ढेकणांनी चावावं असं नाय लिवलं. लिवलं असतं तर मी स्वतः ढेकूण मोजून सोडले असते. ड्युटी ती ड्युटी."

मी म्हटलं, "विहीणबाई, हे माझ्या मुद्दा क्रमांक दोनला उत्तर नाही."

"तुमचे मुद्दे लायनीत उभे हायत मॅडम, पन एकाचीबी पाठ दुखत नाय."

चांदवानींना राहवलं नाही. उल्हासनगरला त्यांचं गाद्यांचं दुकान, आता मुलगा बघतो. ते मागून म्हणाले, "देखो भाभीजी, मी धंद्याचा बोलत नाही, पण गादी तो होना मांगता. माझा बापूजी फाळणीनंतर कॅम्पमध्ये जमिनीवर झोपून म्हातारा झाला. कुठला गुन्हा केला होता त्याने?" मग पाटणकरांनी हात वर करायला सांगितलं. बहुतेकांनी दोन्ही वेळा हात वर केला. पाटणकरांनी वाद बरोबरीत सुटला असं जाहीर केलं, कारण बटाटेवडे आले होते.

आपण मात्र जिन्यात भांडत वर आलो. तुमचा मजला आला, तुम्ही आत गेलात, दार लावलंत, आणि आतून ओरडलात, "आन उशीपन द्यायला पायजे!"

इथवर हे सगळं बोलणंच होतं. त्यानंतरच्या दिवाळीत तुमच्याकडे इंदूबाई राहायला आल्या.

तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, ऑफिसातली जुनी ओळख आहे, सोबतीला आली आहे. बारीक, पांढऱ्या केसांची, हळू बोलणारी बाई. तुम्ही एक दिवस तिच्या हाती माझ्याकडे आमटी पाठवलीत. माझं दार अर्धं उघडं होतं. मी आत कपडे घड्या करत होते. बऱ्याच वेळाने सहज लक्ष गेलं, तर दारात ही बाई वाटी घेऊन उभी. हाक नाही, बेल नाही.

"अहो, या की आत. दार उघडंच आहे."

ती तरी हलली नाही. मी उठून दार पूर्ण उघडलं, तेव्हा आत आली. मला ते चमत्कारिक वाटलं. बस म्हटलं तेव्हा बसली, आणि मी उठल्याबरोबर उठून उभी राहिली. वर्गातली मुलंसुद्धा इतकी चटकन उठत नसत. मी तशीच खाली तुमच्याकडे आले.

"विहीणबाई, ही तुमची ऑफिसातली ओळख म्हणजे नक्की कुठल्या बाजूची?"

तुम्ही लसूण सोलत होतात. वर न बघता म्हणालात, "गजाच्या पलीकडची."

"कशाबद्दल?"

"तीनशे दोन. जावेला विहिरीत ढकललं. जन्मठेप झाली, ती पुरी करून आली. न्यायला भाऊ येणार होता, आला नाय. फाटकाभाईर पिशवी घेऊन बसून राहिली. मला कुणीतरी फोन केला, मी रिक्षा करून गेले आन आणली."

"कशावरून ढकललं?"

"घरातलंच. रोजचं."

"त्या जावेचं नाव काय होतं?"

"मला काय म्हाईत? कागदावर असंल."

मी म्हटलं, "बघा. मी हॉलमध्ये हेच म्हणत होते."

तुम्ही लसूण सोलायचं थांबलात. मी वर आले. त्या रात्री ती आमटी खाल्ली नाही. फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खाल्ली. चांगली होती, त्याचा आणखी राग आला.

बातमी इमारतभर झाली. पाटणकरांनी मीटिंग लावली. 'ही फॅमिली बिल्डिंग आहे' असं त्यांनी म्हणताच तुम्ही उभ्या राहिलात. "मग मी काय हाय? गोडाऊन?" पाटणकर माझ्याकडे बघायला लागले. मी तुमच्या विरुद्ध बोलले, विहीणबाई, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. नाताळच्या सुट्टीत मुलं येणार होती. ज्या घरात माझी नातवंडं जेवणार, झोपणार, त्या घरात कोण राहतं हे विचारायचा मला अधिकार होता. मी सरळ म्हटलं, मुलं येतील तेव्हा ही बाई इथे नको. तुम्ही म्हणालात, "मुलं माझीबी नातवंडं हायत. इंदू इथंच राहणार. तुमाला नको असंल तर तुमी जा कुठं ते." मीटिंगचा निर्णय काहीच झाला नाही. पाटणकरांना तुम्हाला दंडाला धरून बाहेर काढणं जमण्यातलं नव्हतं.

मग आपला अबोला. ओजस, रेवा, तुमच्या दोन्ही आज्या त्या काळात एकमेकींशी मेलबर्नमार्गे बोलत होत्या, हे तुम्हाला तुमच्या आईबाबांनी सांगितलं नसेल. विमलआजी निखिलला लिहायच्या, 'तुझ्या सासूला सांग, कुंड्यांचं पाणी माझ्या पापडांवर पडतंय.' निखिल अदितीला, अदिती मला. मी उत्तर द्यायचे, 'तुझ्या सासूबाईंना सांग, पापड माझ्या कुंड्यांखाली वाळत घालू नयेत.' तोवर पापड भिजून जायचे. गॅसवाला आल्याची बातमी मला ऑस्ट्रेलियाहून कळायची, मी खाली धावेपर्यंत तो विठ्ठलवाडीला पोचलेला असायचा. शेवटी अदितीने कंटाळून लिहिलं, 'आई प्लीज.' पण एक गोष्ट लिहायलाच हवी. अबोल्यातही संध्याकाळी माझं दार ओढलं जात होतं. खडाड्. आणि पायऱ्या उतरायचा आवाज.

मुलं आली. मेलबर्नहूनच तह झाला होता की झोपायला माझ्याकडे, जेवायला तुमच्याकडे. तोवर चांदवानींनी इंदूबाईंसाठी एक जाड गादी पाठवून दिली होती. इंदूबाई त्या गादीच्या शेजारी फरशीवर झोपत. तुम्ही रोज ओरडायचात, त्या रोज 'हो ताई' म्हणायच्या आणि पुन्हा फरशीवर. मला हे कळलं तेव्हा मी अबोला मोडला. इतका मोठा पुरावा हाती असताना गप्प कसं राहायचं?

"बघा, गादी नकोच असते त्यांना."

"नको असनं वेगळं आन मिळायची नाय हे वेगळं," तुम्ही तिथल्या तिथे म्हणालात. आतल्या खोलीत ओजस त्या गादीवर इतक्या जोराने उड्या मारत होता की पुढचा वाद ऐकूच आला नाही.

आणि मग ती दुपार. मी मुलांना न्यायला खाली आले होते. इंदूबाई फरशीवर बसून गवार निवडत होत्या, तुम्ही ओट्यापाशी, आणि रेवा इंदूबाईंच्या समोर मांडी घालून. पाटणकरांच्या नातवाने तिला काहीतरी सांगितलं होतं. तिने सरळ विचारलं, "इंदूआजी, तू जेलमध्ये का होतीस?"

मी दारातच थांबले. तुमच्या हातातला झारा तसाच राहिला.

इंदूबाई म्हणाल्या, "एका बाईला विहिरीत ढकललं मी. मेली ती."

"का?"

"राग आला."

रेवाने विचार केला. "मला पण राग येतो. ओजसचा."

"मग लांब जाऊन बसायचं. मी नाय गेले."

"तिचं नाव काय होतं?"

"सुलोचना. दोन लेकरं होती तिची." इंदूबाईंनी एक शेंग मोडली. "येवढी येवढी होती."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्याकडे. आठ वर्षांच्या मुलीने विचारल्यावर ते नाव इतक्या सहज बाहेर आलं, जसं रोजच तोंडात असावं. मला वाटतं, रोजच असणार.

रेवा म्हणाली, "मग आता तुझी पनिशमेंट संपली?"

"कोर्टाची संपली."

"मी पण मोडू शेंगा?"

"आधी धागा काढायचा. असा."

मी मुलांना घेऊन वर निघाले, तशा तुम्ही जिन्यापर्यंत आलात. "ऐकलं मॅडम?"

"ऐकलं. शिक्षा योग्यच झाली होती."

"मग मी कधी म्हटलं, नव्हती झाली?"

मी दोन पायऱ्या चढून थांबले. "मग आपण इतके दिवस कशावर भांडतो आहोत?"

तुम्ही कमरेवर हात ठेवून जरा विचार केलात. "ते मला आत्ता सांगता येनार नाय. पन चुकत तुमीच हाय."

रेवाने मेलबर्नला जाताना तिचा गुलाबी रुमाल इंदूबाईंना दिला. मला काहीच दिलं नाही. रेवा, ही तक्रार समजावी.

त्यानंतर आपण रोज भांडत होतो. बरं चाललं होतं. मग परवा-परवा तुमच्या छातीत दुखायला लागलं, तुम्ही ते दोन दिवस कुणाला सांगितलं नाहीत, आणि इंदूबाई धावत वर आल्या. कल्याणच्या हॉस्पिटलात तुम्हाला आत ठेवलं. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही नर्सला विचारत होतात की तिची ड्युटी कोण लावतं आणि बदली मिळते का. मला बघून तुम्ही बोट वर केलंत, हॉलमध्ये करायचात तसं.

"मॅडम, तुमचं एक चुकतंय..."

आणि नर्सने तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला.

तुम्ही मास्कच्या आत बोलत राहिलात. डोळे मोठे करून, मान हलवून, एकदा हातवारे करून. मास्क आतून धुरकट होत होता. मला एक शब्द कळला नाही. मी नर्सला म्हटलं, क्षणभर काढा, महत्त्वाचं आहे. ती म्हणाली, आजी, उद्या बोला. विहीणबाई, उद्या तुम्ही नव्हतात.

तेव्हापासून मी शोधते आहे. माझं काय चुकतं? शिक्षेबद्दल? की मी तुमच्या पाठीमागे उशी उलटी लावली होती ते? की कढीत हिंग आधी घालते त्याबद्दल? ते तर तुम्ही नेहमीच सांगायचात. तुम्ही आयुष्यात एकही वाद मधेच सोडला नाहीत, आणि हाच नेमका सोडून गेलात. मला याचा इतका राग आला की मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून रडले, आणि चांदवानी शेजारी बसून "भाभीजी, भाभीजी" म्हणत स्वतःच जास्त रडत होते.

मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. बोलायचं राहिलं ते एवढंच. हे गेल्यावर या घरात मला दिवेलागणीला भीती वाटायची. ती मी कुणालाच सांगितली नव्हती. तुम्ही दार ओढायचात, तेव्हा चिडायचे आणि मग निवांत झोपायचे. आता तो आवाज येत नाही. मी टीव्ही लावते, पण टीव्हीचा आवाज दारापर्यंत जात नाही.

तुमच्या तेराव्यापर्यंत सगळं ठीक होतं. चौदाव्या दिवशी निखिलने माझ्यासमोर विषय काढला. तुमची जागा विकायची आहे. त्याचं चुकत नाही, तो मेलबर्नला, जागा इथे. इंदूबाईंसाठी त्याने सोनिवलीकडचा एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता, स्वच्छ होता म्हणाला. इंदूबाईंनी ऐकलं आणि आपली पिशवी भरली. पाटणकर तेव्हाच आले. चेहरा दुःखाचा होता, पण आवाज हलका झाला होता.

"वाईट झालं फार. पण तो एक प्रश्न आता आपोआप सुटला."

मी विचारलं, "कुठला प्रश्न?"

"तोच हो. तुम्ही मीटिंगमध्ये बोलला होतात तो."

विहीणबाई, मी उभी राहिले. बसून मला मुद्दे मांडता येत नाहीत. "पाटणकर, मुद्दा क्रमांक एक. यांना शिक्षा न्यायालयाने दिली. मुद्दा क्रमांक दोन, ती योग्य होती. सुलोचनासाठी तेवढी हवीच होती, त्यात एक दिवस कमी झालेला मला चालला नसता. मुद्दा क्रमांक तीन, ती पुरी झाली. आता तिच्यावर आपण आपल्या मीटिंगमध्ये आणखी काही चढवायचं म्हणजे कोर्टाला गणित येत नाही असं म्हणायचं. मी वर्गात मुलाला तासभर उभं केलं, तर तास संपल्यावर बसवत असे. पुढच्या तासाला दुसऱ्या बाईंनी त्याला उभं केलेलं मी खपवून घेतलं नाही."

पाटणकर गोंधळले. "मॅडम, पण तुम्हीच तर विरोधात होतात!"

"होते. माझ्या नातवंडांची काळजी होती, म्हणून. नातवंडांनी ती मिटवली. शिक्षेबद्दलचं मत अजून तेच आहे, आणि त्याच मताने सांगते की यांनी कुठे राहायचं हे यांना विचारा."

मग मी इंदूबाईंना विचारलं, "माझ्याकडे मागची खोली आहे. तिथे राहायचं, की सोनिवलीला?"

"तुमी सांगाल तसं."

"मी सांगणार नाही."

त्या घाबरल्या. त्यांना हे कुणी विचारलेलं नसावं. पाटणकर, निखिल, मी, सगळे त्यांच्याकडे बघत बसलो. चहा आला, चहा गार झाला. शेवटी म्हणाल्या, "इथं."

"का?" मी विचारलंच. सवय.

"तिकडं सगळी गोड बोलत्यात म्हनं. मला कळायचं नाय कुणाच्या मनात काय हाय ते. तुमचं कळतं."

निखिल तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागला. तुमचा मुलगा रडताना तुमच्यासारखाच सावधान उभा राहतो, हे मला पहिल्यांदा दिसलं.

तेव्हा त्या माझ्याकडे आहेत, विहीणबाई. पण याला तुमचा विजय समजू नका. तुम्ही त्यांना ठेवलंत कारण तुम्हाला त्यांची दया आली. मी ठेवलं कारण त्यांचं देणं फिटलं आहे आणि तसं कुणीतरी मानायला हवं. दोन्हीत फरक आहे. तो फरक तुम्हाला नीट समजावून सांगायची माझी फार इच्छा होती.

घर लागलंय. त्या ओटा माझ्यापेक्षा स्वच्छ ठेवतात, फक्त माझे डबे उंचीप्रमाणे लावतात, मी अक्षरांप्रमाणे लावत असे. सकाळी चहानंतर मी पेपर मोठ्याने वाचते, त्यांना वाचायला वेळ लागतो म्हणून. काल एक बातमी होती. घरासाठी म्हाताऱ्या बापाला मारणाऱ्या मुलाला जन्मठेप झाली. मी वाचून पान उलटणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "कमी झाली."

मी चष्म्यावरून बघितलं. "काय?"

"शिक्षा. फाशी पायजे होती."

"इंदूबाई, हे तुम्ही म्हणता?"

"मग कोण म्हननार? मला म्हाईत हाय ना आत काय असतं. भाकर मिळते, गानी म्हनायला मिळतात, सणाला गोड मिळतं. त्या बापाला आता काय मिळनार हाय?" आणि जरा थांबून, "आता तर गाद्यापन देतात म्हनं."

मी पेपर खाली ठेवला. आणि विहीणबाई, मी बोलायला लागले. म्हटलं, अहो, आत राहणं हीच शिक्षा असते. कुशीवर झोपून म्हातारं होणं काय असतं, ते तुम्हाला मी सांगायचं का? कोर्टाने आत राहा लिहिलं, ढेकणांनी चावावं असं लिहिलं नाही. सगळं तुमचं. शब्दसुद्धा तुमचे, फक्त माझ्या तोंडी ते शुद्ध होऊन फार सपक लागत होते. इंदूबाई मान हलवत होत्या, पटत नसल्यासारखी. मी आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा तुमची बाजू लढवत होते, आणि हरत होते.

इंदूबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग कप उचलून आत जाताना म्हणाल्या, "ताई हे लई चांगलं सांगायच्या."

मी म्हटलं, "माहीत आहे. पण आता मीच उरले आहे. बसा, ऐका."